मनाचा रवंथ

(दिंडीच्या शताब्दीनिमित्त, वारीहून परतल्यावर आलेल्या एकादशीला आंबिवलीत मंदिरात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून यंदा मंदिरात सारखं काही ना काही चाललंय. कुणी जुन्या वारीच्या आठवणी सांगितल्या, कुणी भजनाच्या चालींवर बोललं. आमचा विषय जरा वेगळा आहे आणि तो आम्ही मागून घेतलाय. माणसाचं मन खचतं कसं, याविषयी बोलायचंय. डॉक्टर त्याला डिप्रेशन म्हणतात, पेपरात नैराश्य असं छापून येतं, आणि आपण गावात म्हणतो, "त्याचं हल्ली कशात मन लागत नाही." त्याची कारणं पुष्कळ असतात. आज त्यातल्या एकाच कारणाशी थांबायचंय. मनात तेच ते घोळवत बसण्याची सवय.

ज्यांच्या घरी अजून गोठा आहे त्यांना हे सांगायला नको. गाय सकाळी भराभर चरते, मग सावलीला बसते आणि पोटात गेलेला घास पुन्हा तोंडात आणून चघळते. रवंथ करते. आता गंमत अशी की मनाच्या या सवयीला इंग्रजीत शास्त्रज्ञांनी जे नाव दिलंय, त्याचाही मूळ अर्थ रवंथच. दूर देशातल्या माणसालाही गायच आठवली. पण गाईच्या आणि आपल्या रवंथात फरक आहे. गाईचा घास बारीक होतो, खाली उतरतो, पचतो, त्याचं दूध होतं. आपला घास उतरतच नाही. भावाने वाटणीच्या वेळी चार लोकांत काय सुनावलं, ते वीस वर्षांपूर्वीचं वाक्य आज रात्री अडीच वाजता पुन्हा तोंडात येतं. तेच वाक्य, तोच ओटा, तीच माणसं. आपण त्याला काय उत्तर द्यायला हवं होतं तेही ठरलेलं. सकाळी उठावं तर दातात तसंच.

हे करणाऱ्याला वाटतं, मी विचार करतोय. इथेच सगळी फसगत आहे. माणूस नुसता बसलेला दिसला तरी आत त्याला काम चालल्यासारखं वाटतं. मी कारण शोधतोय, मी हिशोब लावतोय, हे एकदा नीट समजलं की मग मी मोकळा होईन. आणि आपण माळकरी असलो तर अजून एक मुलामा चढतो. त्याला आपण चिंतन म्हणतो, पश्चात्ताप म्हणतो, प्रारब्ध म्हणतो. "मागच्या जन्मी काय पाप केलं होतं कोण जाणे" हे वाक्य दिवसातून चाळीस वेळा मनात म्हणणाऱ्या माउल्या आहेत. त्यात वैराग्य काहीच नसतं. तो घास आहे, उतरत नाही एवढंच.

मग खरा विचार कोणता नि रवंथ कोणता, हे ओळखायचं कसं? आम्हाला एक साधी खूण सापडली आहे. खरा विचार कुठेतरी पोचतो. उद्या बँकेत जायचं, मुलीच्या सासरी फोन करायचा, भावाशी बोलायचं किंवा बोलायचं नाही असं काहीतरी ठरतं आणि माणूस उठतो. रवंथाला उठणं नाही. रवंथाचा प्रश्न बहुतेक वेळा 'का'ने सुरू होतो. माझ्याच वाट्याला का? मीच असा का? देवाने माझंच का बघितलं नाही? या प्रश्नांना उत्तर नसतं, म्हणून ते संपत नाहीत. इंग्लंडात एक्सेटरच्या विद्यापीठात एडवर्ड वॉटकिन्स म्हणून एक मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी याच गोष्टीवर बरंच काम केलंय. 'का'च्या मोघम प्रश्नावरून माणसाला 'कसं' आणि 'आता काय'च्या नेमक्या प्रश्नावर आणायचं, हा त्यांच्या उपचारातला एक मोठा भाग.

आता हे बोलणं आंबिवलीत का, तर त्यालाही कारण आहे. आपला हा पट्टा कारखान्यांवर उभा राहिला. मोहन्याचा एनआरसी, पलीकडे शहाडचा रेयॉन. आसपासच्या गावांतली नि लांबून आलेली माणसं भोंग्यावर उठली, भोंग्यावर जेवली. दिंडीची भिशीसुद्धा पगाराच्या तारखेवर गोळा व्हायची. २००९ साली एनआरसी बंद पडला. हजारो माणसं एकदम घरी बसली, आणि देण्यांचा प्रश्न वर्षानुवर्षं चालू राहिला. कोण बरोबर, कोण चूक, हे सांगायची ही जागा नाही. आपल्याला बघायचंय ते त्यानंतर घराघरांत काय झालं ते. एकाच पाळीत काम करणारे दोघे. दोघांचं नुकसान सारखं. एक जण वर्षभरात रिक्षा चालवायला लागला, कुरकुरत का होईना चालता झाला. दुसरा स्टेशनवरच्या बाकावर येऊन बसायचा, कसाऱ्याकडच्या गाड्या मोजायचा, आणि घरी जायचा. पैसा दोघांचाही गेला होता. दुसऱ्याचं मनही गेलं.

यात पहिला शहाणा आणि दुसरा कमकुवत असं कृपा करून कुणी समजू नका. रिक्षावाल्याच्या घरी बायको कमावती असेल, त्याला झोप लागत असेल, त्याच्या अंगात हा आजार नसेल. नशिबाचे नि शरीराचे भाग असतात. पण मनातलं दळण हा एक भाग त्यात असतो, आणि या भागावर आपला थोडा तरी हात चालतो. म्हणून त्याच्याविषयी बोलायचं.

अमेरिकेत सुसान नोलेन-होक्सेमा नावाच्या बाई होत्या. २०१३ साली त्या वारल्या. त्यांनी आयुष्यभर या रवंथाचाच अभ्यास केला. १९८९ च्या ऑक्टोबरात त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मुलांकडून काही प्रश्न भरून घेतले होते. उदास वाटलं की तुम्ही काय करता? त्यावरच विचार करत बसता, की उठून दुसरं काही करता? आणि बरोबर चौदा दिवसांनी, १७ ऑक्टोबरला, तिथे मोठा भूकंप झाला. बाईंनी पुन्हा त्याच मुलांना गाठलं, आधी दहा दिवसांनी, मग सात आठवड्यांनी. भूकंप सगळ्यांनीच पाहिला होता. पण ज्यांना आधीपासून घोळवत बसायची सवय होती, त्यांच्यात उदासी जास्त आणि जास्त दिवस राहिलेली दिसली.

त्यांचा अजून एक प्रयोग आम्हाला फार बोलका वाटतो. आधीच उदास असलेल्या काही जणांना त्यांनी आठ मिनिटं स्वतःच्याच मनःस्थितीवर, मी असा का, माझं काय होतंय, यावर विचार करायला लावला. दुसऱ्या काही उदास माणसांना तेवढीच आठ मिनिटं बाहेरच्या साध्यासुध्या गोष्टींचं चित्र मनात आणायला सांगितलं. पहिल्यांची उदासी वाढली, दुसऱ्यांची हलकी झाली. आठ मिनिटं म्हणजे किती? आंबिवलीहून गाडी सुटते, शहाड मागे पडतं आणि कल्याण दिसायला लागतं, साधारण तेवढा वेळ. एवढ्यात मन उतरतं. मग जो दिवसाचे आठ तास हेच करतो त्याचं काय होत असेल? आणि एक गोष्ट माउल्यांसाठी मुद्दाम सांगतो. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये ही सवय जास्त असल्याचं याच बाईंना आढळलं होतं. आम्हाला यात नवल वाटत नाही. पुरुष निदान नाक्यावर जाऊन ओरडून येतो. घरातल्या बाईला ओरडायला नाका नसतो, तिचं सगळं भांडी घासताना मनातल्या मनात चालतं.

हे होतं कसं? मन एकदा उदास झालं की त्याला आठवणीही उदासच सापडतात. अंधाऱ्या माळ्यावर कंदील घेऊन चढल्यासारखं. उजेड पडेल तेवढंच दिसतं, आणि हा कंदील नेमका मोडक्या सामानावरच पडतो. लेकीचं लग्न छान झालं होतं, नातू पहिल्यांदा हसला होता, ते सगळं त्याच माळ्यावर असतं, पण दिसत नाही. मग दिसेल त्यावरून माणूस निकाल देतो. फिलाडेल्फियाच्या आरन बेक नावाच्या डॉक्टरांनी हे निकाल तीन असतात असं सांगितलं: मी वाईट, माझ्याभोवतीचं जग वाईट, पुढचं सगळंही वाईटच. या निकालाने मन अजून खचतं, आणि खचलं की कंदील अजून खाली जातो. भोवऱ्यात सापडलेलं लाकूड फिरत फिरत खाली जातं तसं. मध्ये झोप उडते. भूक जाते, किंवा नको इतकी लागते. कामं अंगावर पडतात. भेटायला येणारे हळूहळू यायचे बंद होतात, कारण दर वेळी तीच कहाणी ऐकून तेही कंटाळतात. आणि ते आले नाहीत, की रवंथाला एक नवा घास मिळतो.

आपल्या गीतेत हे नाही का? आहे. दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी पायऱ्या सांगितल्यात. एखाद्या गोष्टीचं सारखं ध्यान, त्यातून आसक्ती, मग इच्छा, मग क्रोध, मग भ्रम, आणि शेवटी बुद्धीच जाते. पहिली पायरी बघा, नुसतं ध्यान, मनात घोळवणं. तिथे ते विषयांबद्दल बोलतायत, पण अपमान आणि नुकसान हेही मनाला विषयासारखेच चिकटतात. आणि गीतेची सुरुवातच मुळी विषादाने होते. एवढा धनुर्धर, तोंडाला कोरड पडलीय, अंग कापतंय, हातातून गांडीव गळतंय. भगवंत त्याला टाकून गेले नाहीत. सहाव्या अध्यायात तर तो सरळ सांगतो की हे मन वाऱ्यासारखं आहे, आवरत नाही. भगवंतही कबूल करतात की खरं आहे, अवघड आहे. मग उपाय सांगतात, अभ्यास आणि वैराग्य. अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा करणं. एका दिवसात मन ठिकाणावर आलं नाही म्हणून जे स्वतःला दोष देतात, त्यांनी ही कबुली लक्षात ठेवावी.

पण आम्हाला या विषयात सगळ्यात जवळची वाटते ती मुक्ताई. ताटीच्या अभंगांची कथा तुम्हाला ठाऊक आहे. लोकांनी बोल लावले, अपमान केला, आणि ज्ञानोबाराय झोपडीत जाऊन ताटी लावून बसले. ज्ञानेश्वरी सांगणारा पुरुष! त्यांनाही दार लावून घ्यावंसं वाटलं. संप्रदायाने ही कथा झाकून ठेवली नाही, उलट शेकडो वर्षं गायली, यातच संप्रदायाचा मोठेपणा आहे असं आम्हाला वाटतं. आता मुक्ताईने काय केलं ते बघा. तिने "कुणी बोललं, काय बोललं, पुन्हा सांग" असं विचारलं नाही. तो घास तिने पुन्हा तोंडात येऊ दिला नाही. "एवढ्याशा गोष्टीचं काय मनाला लावून घेतोस" असं म्हणून ती निघूनही गेली नाही. ती दाराशी उभी राहिली. लहान बहीण, थोरल्या भावाच्या दाराशी. त्याला तो कोण आहे याची आठवण करून देत राहिली, आणि दार उघड म्हणत राहिली. एकदा म्हणून थांबली नाही, पुन्हा पुन्हा म्हणाली. आपल्याकडे कुणी ताटी लावून बसला तर आपण काय करतो? फार तर एकदा कडी वाजवतो, आणि मग गावभर सांगतो, "बोलतच नाही हो तो कुणाशी."

दुसरे तुकोबाराय. त्यांचं दुःख काही कल्पनेतलं नव्हतं. आईवडील गेले, मग १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ, धंदा बुडाला, थोरली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला. एवढ्यावर माणूस जन्मभर रवंथ करू शकला असता आणि कुणी नाव ठेवलं नसतं. त्यांनी काय केलं? डोंगरावर एकांत धरला हे सगळे सांगतात. पण त्याच्याबरोबरचं दुसरं कमी सांगितलं जातं. घराण्याचं विठ्ठलाचं देऊळ मोडकळीला आलं होतं, ते त्यांनी दुरुस्त केलं. म्हणजे हाताला माती लागली. संतांची वचनं पाठ केली. कीर्तन करणाऱ्याच्या मागे उभं राहून ध्रुपद धरलं. एकदम पुढे उभे राहिले नाहीत, मागे उभे राहिले. खचलेल्या माणसाला पुढे हो, उत्साह दाखव म्हणणं क्रूरपणा आहे. त्याला मागे उभं राहून धरता येईल असं ध्रुपद द्यावं लागतं. आजचे डॉक्टरही उदास माणसाला हेच सांगतात. इच्छा होण्याची वाट बघू नका, आधी थोडं हातपाय हलवा, इच्छा मागून येते.

आणि कर्जखतं इंद्रायणीत सोडल्याची कथा. भावाचा अर्धा वाटा भावाला दिला आणि स्वतःच्या वाट्याचे कागद पाण्यात. इथे कुणी उलटा अर्थ काढू नये. ज्यांचे पैसे अडकलेत त्यांनी ते सोडून द्यावेत, असं आम्ही म्हणत नाही. हक्काचं मागावं, संघटनेत जावं, तारखेला उभं राहावं. तुकोबांनी सोडलं ते लोकांकडून येणं होतं आणि देणारे स्वतः दुष्काळाने पिचलेले होते. आपण एवढंच घ्यायचं, की कागद फाईलमध्ये ठेवावा, फाईल कपाटात ठेवावी, आणि रात्री उशाशी घेऊन झोपू नये.

आता तुम्ही म्हणाल, बोलूच नये का मग? दुःख गिळायचं? अजिबात नाही. तुकोबांचे कितीतरी अभंग निराशेचे आहेत, देवाशी भांडणाचे आहेत. फरक हा की ते देवापुढे मोठ्याने मांडले. माउलींच्या सोहळ्यात जे चाललेत त्यांनी समाजआरती पाहिलीय. तळावर सगळ्या दिंड्या येतात, टाळ-मृदंगाचा गजर, आणि चोपदारांनी चोप उंच केला की लाखभर माणूस चिडीचूप. पण ज्या दिंडीची काही तक्रार आहे, ती गप्प बसत नाही. तिचे टाळ वाजतच राहतात. मग चोपदार तिकडे जातात, तक्रार ऐकतात, निवाडा होतो, आणि मग टाळ थांबतात. हरवलं-सापडलं पुकारतात आणि आरती होते. आम्हाला ही रीत फार मोठी वाटते. तक्रार दाबायची नाही, आणि रात्रभर तंबूत घोळवायचीही नाही. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या माणसापुढे, मोठ्याने मांडायची. मग आरती. घरातसुद्धा हे जमतं. दुःखाला दिवसातली एक वेळ द्या, संध्याकाळची अर्धी तास म्हणा, समोर ऐकणारा एक माणूस असू द्या. रात्री अडीचला ते आलं तर त्याला सांगा, उद्या संध्याकाळी ये.

"येऊच नको" म्हणून मात्र चालत नाही. ती जुनी गोष्ट आहे ना, वैद्याने पुडी दिली आणि म्हणाला, घेताना फक्त माकड आठवायचं नाही. जन्मात कधी माकड न आठवलेल्याला पुडी हातात घेतली की माकडच दिसायला लागलं. मनाला 'नको' म्हटलं की ते तिथेच जाऊन बसतं. त्याला दुसरीकडे बसायला जागा द्यावी लागते.

ती जागा म्हणजे नाम, असं तुम्ही म्हणाल. आम्हीही म्हणतो. पण थोडं थांबून बघू. नाम हीसुद्धा पुन्हा पुन्हा केलेली गोष्ट आणि रवंथही पुन्हा पुन्हा केलेली गोष्ट. मग एकाने मन निवतं आणि दुसऱ्याने का पोळतं? आमच्या समजुतीप्रमाणे, नाम काही विचारत नाही. रामकृष्णहरी म्हणताना 'का' नाही, हिशोब नाही, येणं नाही, देणं नाही. आणि आपल्या संप्रदायात नाम एकट्याने कोपऱ्यात घ्यायचं कमी आणि मिळून घ्यायचं जास्त. टाळ हातात असतो, पावली टाकायची असते, बाजूच्याच्या लयीत लय मिळवायची असते. दिवे घाटाच्या चढणीला मागचा पुढच्याला रेटतो. हात, पाय, गळा, कान, सगळं गुंतलेलं. रवंथाला शिल्लक काय राहतं? पंधरा-वीस दिवस पहाटे उठणं, चालणं, पंगतीला वाढणं, रात्री अंग टाकलं की झोप. आमचा अनुभव असा की घरी तीन महिने झोप न लागलेला माणूस सासवडच्या मुक्कामी घोरताना ऐकू येतो.

आणि म्हणूनच वारीहून परत आल्यावरचे दिवस जपायचे. आज तुमच्यातले काही जण बसलेत त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसतंय. तिथे पाय हलत होते, इथे पंखा फिरतोय आणि आपण त्याच्याकडे बघतोय. तेच घर, तोच ओटा. रवंथाला हा महिना फार आवडतो.

एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. ज्याचं मन आजारी आहे त्याला "नाम घे, सगळं ठीक होईल" एवढंच सांगून जो निघतो, त्याने त्याच्यावर ओझं टाकलेलं असतं. तो नाम घ्यायला बसतो, मन लागत नाही, आणि मग मनात येतं, बघ, देवाचं नावसुद्धा तुला घेता येत नाही, तू किती पापी. रवंथाला अजून एक घास. नाम त्याच्याकडून मागू नका. त्याच्या शेजारी बसून तुम्ही घ्या.

आपल्या दिंडीतल्या एका टाळकऱ्याची हकीकत त्याला विचारूनच सांगतो. नाव नाही, कुठे कामाला होता तेही नाही. काम सुटलं त्या दिवशी एका कागदावर त्याने सही केली होती. ती सही करायला नको होती, हा त्याचा घास. सहा वर्षं. वारी सोडली, टाळ खुंटीला. विणेकरी बुवा रोज हरिपाठाच्या वेळेला त्याच्या घरी जाऊन बसायला लागले. सहीविषयी चकार शब्द नाही. एक दिवस दिंडीच्या टाळांची पिशवी घेऊन गेले आणि म्हणाले, दोऱ्या कुजल्यात सगळ्यांच्या, बदलायला दोन हात कमी पडतायत. त्याने तीन दिवसांत चौदा जोड ओवले. पण त्यावर तो बरा झाला असं सांगितलं तर ते खोटं होईल. मुलाने त्याला ठाण्याला डॉक्टरकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या, बोलण्याचे उपचार झाले. दीड वर्ष लागलं. यंदा तो चालला, सासवडपर्यंत, आणि तिथून परत आला. सही अजून आठवते म्हणतो. "पण बुवा, येते नि जाते, बसत नाही."

ठाण्याचं नाव काढलं की आपल्याकडे हसतात. "याला ठाण्याला पाठवा" ही आपल्या जिल्ह्याची जुनी थट्टा. ते प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासूनचं आहे, आणि त्या थट्टेने किती घरांतली माणसं उपचाराविना राहिली असतील, याचा हिशोब कुणाकडे नाही. ठाण्यातच डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था सुरू केली. मनाचं शास्त्र मराठीत, साध्या बोलीत सांगणारी माणसं आपल्या इतक्या जवळ आहेत. फोनवर बोलायचं तर सरकारचा टेलिमानस आहे, १४४१६. पैसे लागत नाहीत, रात्री-बेरात्री लागतो, मराठीत बोलता येतं.

"गोळ्या घेतल्या तर नामावरचा विश्वास कमी झाला का?" हे आम्हाला नेहमी विचारतात. दिंडीत साखरेच्या गोळ्या घेणारे किती आहेत? हात वर करा म्हटलं तर अर्धी दिंडी हात वर करेल. पायाला फोड आला तर आपण माउलींचं नाव घेतो आणि मलमपट्टीच्या गाडीवरही जातो. डोक्याच्या आतल्या फोडालाच तेवढा वेगळा न्याय का? दोन आठवडे झाले, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास, कशात रस नाही, झोप-भूक बिघडलेली, तर डॉक्टरकडे जायचं. आणि कुणी "आता जगून काय उपयोग" असं बोलायला लागला तर ते नुसतं बोलणं समजायचं नाही. त्याला एकटं सोडायचं नाही, विषय टाळायचा नाही, सरळ विचारायचं, आणि त्याच दिवशी न्यायचं.

शताब्दीचा जमाखर्च लिहिताना समितीने एक ठराव केलाय, तो सांगतो आणि थांबतो. वारीनंतर दर शनिवारी संध्याकाळी हरिपाठ मंदिरात होईल. ज्याला देवळापर्यंत यायला जमत नाही त्याच्या ओटीवर होईल. लागोपाठ दोन एकादशींना जो दिसणार नाही त्याच्या घरी दोघांनी जायचं. दोघांनी, एकट्याने नाही, आणि उपदेश करायचा नाही. विणेकरी बुवांकडे वही ठेवली आहे, कोण कुणाकडे जाणार ते तिथे लिहायचं. या पंधरवड्यातली तीन नावं त्यांच्याकडे आहेत, हरिपाठ झाल्यावर त्यांना भेटा. १४४१६ हा नंबर दाराजवळच्या फळ्यावर लिहून ठेवलाय, कुणी पुसू नये. पखवाज लावून झालेला दिसतोय.

रामकृष्णहरी.